तिसरा पुकारा

"पोटातून," तो वॉचमनला म्हणाला. म्हणाला म्हणजे, ओठ बराच वेळ मिटलेलेच राहिले, मान जराशी उजवीकडे कलली आणि मग शब्द धक्का दिल्यासारखा बाहेर पडला. "घ... घशातून नाही. पोटातून."

वॉचमनने छाती फुगवली आणि जिन्याखाली रचलेल्या मोडक्या खुर्च्यांकडे बघत हाक दिली, "अपील क्रमांक बारा, अर्जदार..." पुढचं तो विसरला.

"हाजिर व्हा," त्याने सांगितलं. हे मात्र एका दमात, हलक्या आवाजात, कुठेही न अडखळता.

"मला काय मोठ्यानं बोलायची सवय नाय ओ. गेटवर शिट्टी असते. वर शिट्टी मारली तर चालेल का?"

तो हसला. एरवी पोट धरून हसला असता. पण आज अपील क्रमांक बारा तो स्वतःच होता, म्हणून दारावरचा पुकारा एका दिवसापुरता वॉचमनकडे आला होता.

त्याचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. सरकारी नोकरांची अपिलं तिथे सुनावणीला येत. आपल्याला बढतीत डावललं, आपल्याला वेगळी वागणूक दिली, तक्रार केली तर ती फेटाळली, असं म्हणणारी माणसं कागदांच्या पिशव्या छातीशी धरून लांबलचक व्हरांड्यातल्या बाकांवर बसत. आतून घंटा वाजली की दारावरचा शिपाई पुकारा करी. प्रकरणं नाजूक, म्हणून नावं घ्यायची नाहीत असा नियम होता. क्रमांक सांगायचा, खातं सांगायचं आणि अर्जदाराला हाजिर व्हायला सांगायचं, असं तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी आलं नाही की 'अर्जदार गैरहजर' अशी नोंद होऊन प्रकरण निकाली निघे. मग त्या माणसाने कितीही कपाळ बडवलं तरी उपयोग नसे.

तो शिपाई म्हणजे हा. आख्खं कार्यालय त्याला 'भोंगा' म्हणे. त्याचा पुकारा खालच्या आवारातल्या झाडापर्यंत पोचायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुकाऱ्याच्या मध्ये तो जिन्याच्या कठड्यापर्यंत चालत जाई, खाली वाकून बघे, चहाच्या टपरीकडे एक नजर टाकी आणि मगच तिसरी हाक देई. असं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या पुकाऱ्यावर कुणाचं अपील सहसा बुडत नसे.

आणि हाच भोंगा घरी 'मीठ दे' म्हणताना घामाघूम व्हायचा.

त्याची जीभ लहानपणापासून अडत होती. 'क' आणि 'म' हे तर त्याचे जन्माचे वैरी. त्यामुळे आयुष्यभर त्याला जे हवं होतं ते त्याने मागितलं नाही, जे उच्चारता आलं ते मागितलं. कॉफी आवडायची, पण चहा प्यायचा. बसमध्ये स्वतःच्या थांब्याचं नाव जिभेवर येईना म्हणून पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचा आणि तिथून परत चालत घरी यायचा. आणि जिथे मान हलवून भागेल तिथे मान हलवायचा. लग्नाच्या बोलण्यांत सासरे बोलत होते आणि हा मान हलवत होता. सासऱ्यांना वाटलं, मुलगा फार नम्र आहे. बायकोला खरा प्रकार नंतर कळला, पण तोवर तिला तो आवडायला लागला होता.

पुकारा करताना मात्र जीभ सुटायची. का, ते डॉक्टरांनाही धड सांगता आलं नव्हतं. त्याचं स्वतःचं मत असं होतं की पुकाऱ्यात आपलं मागणं काही नसतं. शब्द कार्यालयाचे, काम दुसऱ्याचं, आपण नुसता आवाज द्यायचा.

खात्याची परीक्षा तो केव्हाच पास झाला होता. चौकशीच्या खिडकीवरच्या कारकुनाची जागा रिकामी झाली तेव्हा नियमाने ती त्याची होती. ती त्याच्यानंतर लागलेल्या माणसाला दिली गेली. प्रशासनाचे साहेब, ज्यांनी त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं आणि ज्यांचा त्याच्यावर खरोखरच जीव होता, त्यांनी त्याला खांद्यावर हात ठेवून समजावलं, "अरे, लोक रांगेत उभे असतात. तू अडलास की तुलाच लाज वाटणार. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय." त्याने सवयीने मान हलवली. घरी गेल्यावर त्याला जेवण गेलं नाही. कुणीतरी काहीतरी विचारावं आणि ते आपण सांगावं, एवढंच त्याला हवं होतं. आजवर त्याला कुणी काही विचारलं की उत्तर शेजारचाच देऊन टाकायचा.

पहिली तक्रार फेटाळली गेली. मग टायपिस्ट ताईंनी त्याला अपील लिहून दिलं. कार्यालयाने त्याला जे उत्तर दिलं ते मोठं गमतीचं होतं. पहिल्या परिच्छेदात म्हटलं होतं की अर्जदाराला बोलता येत नसल्याने तो खिडकीच्या कामाला योग्य नाही. दुसऱ्यात म्हटलं होतं की अर्जदार रोज खणखणीत पुकारा करतो, सबब त्याच्या बोलण्यात दोष आहे हे म्हणणं खोटं आहे आणि त्याला कसलीही सवलत लागू होत नाही.

"दोन्ही कसं खरं असेल?" ताईंनी नाक मुरडलं होतं. "पण दादा, एक लक्षात ठेवा. आपलं प्रकरण आपल्याच साहेबांपुढे चालवता येत नाही, म्हणून त्या दिवशीच्या सुनावण्यांना बाहेरून मॅडम येणारेत. त्यांनी तुम्हाला कधी ऐकलेलं नाही. त्यांच्या कानावर तुमचा पुकारा पडता कामा नये. त्या दिवशी रजा टाका. नुसते अर्जदार म्हणून या आणि बाकावर गप्प बसा."

बायकोनेही तेच सांगितलं. आदल्या संध्याकाळी त्याच्या शर्टाचं बटण लावता लावता ती म्हणाली, "अहो, उद्या तुमचा तो भोंगा घरी ठेवून जा. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नका. एक दिवस स्वतःचं बघा." मग दोरा दाताने तोडून तिने हळूच विचारलं, "काय बोलायचं ते पाठ झालं ना?"

पाठ झालं होतं. मला खिडकीवर बसायचं आहे, मला वेळ लागतो पण मी सांगू शकतो. दोन्हीकडे 'म' उभाच होता. त्याने तो चुकवायचा खूप प्रयत्न केला, पण स्वतःसाठी काही मागायचं तर 'मला'शिवाय सुरुवात होईना.

सुनावणीच्या खोलीबाहेर तो बाकाच्या टोकाला बसला. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. रोज दाराच्या या बाजूला तो उभा असे, बसायची सवय नव्हती. आतून घंटा वाजली की पाय आपोआप उचलले जात आणि त्याला ते दाबून धरावे लागत. दारापाशी वॉचमन अवघडून उभा होता आणि कपाळ पुसत होता. पहिल्या दोन प्रकरणांचे अर्जदार दाराशीच उभे होते म्हणून निभावलं.

शेजारी एक नर्स येऊन बसली. तिचं अपील क्रमांक अकरा, आरोग्य खातं. बाळंतपणाच्या रजेवरून परत आली तर तिची वॉर्डप्रमुखाची जागा काढून तिला औषधांच्या गोदामात बसवलं होतं. हे तिने त्याला न विचारताच सांगितलं. घाबरलेली माणसं अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकतात, हे त्याने या व्हरांड्यात कितीदा तरी पाहिलं होतं.

"बाळ खाली आईकडे आहे," ती म्हणाली. "भुकेलं असेल. दादा, तुम्ही इथलेच ना? माझ्या नंबराला अजून वेळ आहे ना? दूध पाजून येऊ?"

आत दहावं प्रकरण नुकतंच गेलं होतं. ते लांबणार की लगेच आटोपणार, हे कुणालाच सांगता आलं नसतं. तसंच त्याला म्हणायचं होतं. पण ते वाक्य लांब होतं आणि आज त्याला आपली वाक्यं जपून ठेवायची होती. त्याने मान हलवली.

ती पटपट जिना उतरून गेली.

ती गेली आणि थोड्याच वेळात दार उघडलं. दहाव्या प्रकरणाच्या अर्जदाराने अपील मागे घेतलं होतं. तो खाली मान घालून निघून गेला. लगेच घंटा वाजली.

"अपील क्रमांक अकरा," वॉचमन म्हणाला, "आरोग्य खातं, अर्जदार हाजिर व्हा."

आवाज समोरच्या भिंतीपर्यंतही गेला नाही. गेटवर दांडगट ट्रकवाल्यांना अडवणारा हा माणूस, त्या दारासमोर त्याच्या गळ्यातून मांजराच्या पिल्लासारखा आवाज निघत होता. जिन्यावर कुणाची पावलं वाजली नाहीत.

तो बाकावरून पुढे सरकला. ती खाली आवारात होती, कदाचित झाडामागे आडोशाला. आपण मान हलवली म्हणून ती गेली. वॉचमनला सांगितलं पाहिजे की थांब, कठड्यापर्यंत जा, खाली बघ.

"अपील क्रमांक अकरा," वॉचमनने दुसरा पुकारा केला. तो आणखी बारीक निघाला.

"थ..." तो उठून उभा राहिला. "थ... थ..."

वॉचमनने वळून पाहिलं. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. त्याने घाईघाईने मान डोलावली आणि चूक दुरुस्त करायला तिसऱ्या पुकाऱ्यासाठी श्वास घेतला. धावत खाली जाऊन तिला आणायला आता वेळ नव्हता. आत मॅडमचा आवाज ऐकू आला, "नाही आल्या? तिसरा झाला की गैरहजर लिहा."

त्याने वॉचमनच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं. कठड्याशी गेला. खाली वाकला.

"अपील क्रमांक अकराऽऽ! आरोग्य खातंऽऽ! अर्जदार हाजिर व्हाऽऽ!"

आवाज जिन्याच्या पोकळीतून खाली गेला, आवारात फिरला आणि टपरीवरच्या माणसांनी माना वर केल्या. खालच्या मजल्यावरची टाइपरायटरची टकटक क्षणभर थांबली. मग चपलांचा आवाज आला. नर्स धापा टाकत वर आली, पदर सावरत, केस सुटलेले. त्याच्याकडे न बघताच ती आत शिरली. तेच बरं झालं. तिने आभार मानले असते तर त्याला त्या क्षणी रडू कोसळलं असतं, कारण काय झालं ते त्याला आता कळत होतं.

दार बंद होता होता, आत सुनावणी टाइप करायला बसलेल्या टायपिस्ट ताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

त्याचा नंबर आला. तो दोन हातांच्या अंतरावर उभा असतानाही वॉचमनने इमानेइतबारे पुकारा केला आणि तो आत गेला.

रोज याच खोलीत तो पाण्याचे पेले ठेवायचा. आज अर्जदाराच्या बाजूने ती खोली वेगळीच दिसत होती. टेबल उंच वाटत होतं. पलीकडे मॅडम, चष्मा नाकावर, चेहरा थकलेला पण दुष्ट नाही. डाव्या हाताला प्रशासनाचे साहेब. त्यांनी सवयीने हाताने खूण केली, बस बस, घाबरू नकोस.

"सांगा तुमचं म्हणणं," मॅडम म्हणाल्या.

"म..." तो म्हणाला. ओठ मिटले ते मिटलेच. "म... म..."

"मला खिडकीची जागा मिळावी," साहेबांनी प्रेमाने वाक्य पुरं केलं. "असं त्यांचं म्हणणं आहे, मॅडम."

"त्यांना बोलू द्या."

साहेब गप्प बसले. हे त्याला सवयीचं नव्हतं. कुणी वाट बघतंय आणि मधे पडत नाही, अशी शांतता त्याच्या वाट्याला फार कमी आली होती, आणि ती त्याला भयंकर वाटली. त्याने टेबलाची कड धरली. मानेची शीर ताठली. "मला... खिडकीवर ब... बसायचं आहे. वेळ लागतो. पण स... सांगतो मी. विचारलेलं सगळं सांगतो." कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला. पण वाक्य पुरं झालं होतं, आणि ते त्याने स्वतः पुरं केलं होतं. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून त्याला वाटलं, जमतंय.

"मॅडम, मला यांच्याविरुद्ध बोलायचं जिवावर येतं," साहेब म्हणाले. ते खोटं नव्हतं. "पण कार्यालयाची बाजू मांडायला हवी. मघाशी आपण एक पुकारा ऐकला असेल. अकरा नंबरचा."

"ऐकला ना. केवढ्यानं दचकले मी. तो वॉचमनचा होता ना?" मॅडमनी दाराकडे पाहिलं.

वॉचमन दारातच उभा होता. त्याने एकदा मॅडमकडे पाहिलं आणि एकदा याच्याकडे.

"व्हय मॅडम, माझाच," तो म्हणाला. "जरा जास्तच जोर लागला."

ताईंची बोटं टाइपरायटरवर थांबली. साहेबांनी काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते याच्याकडे बघत सावकाश म्हणाले, "यांनाच विचारा, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. "तो वॉचमनचाच पुकारा होता?"

नुसती मान हलवली की काम भागत होतं. आयुष्यभर हलवली, तशीच एकदा आणखी. बायको घरी दाराकडे डोळे लावून बसली असेल. ताई त्याच्याकडे बघत मनातल्या मनात त्याची मान हलवत होत्या. वॉचमनने तर त्याच्यासाठी सरळ सरळ खोटं बोलून नोकरी पणाला लावली होती.

पण त्याची मान हलेना. त्याची सगळी वाक्यं आजवर दुसऱ्यांनी पुरी केली होती. त्याच्यासाठी बायकोने भाव केले होते, साहेबांनी अर्ज सांगितले होते, डॉक्टरांना दुखणंही शेजाऱ्याने समजावलं होतं. एक पुकारा तेवढा त्याचा होता. तोही आज वॉचमनच्या नावावर लागला तर खिडकीवर जाऊन बसणारा माणूस कोण असणार होता?

"म..." तो म्हणाला.

साहेबांनी या वेळी वाक्य पुरं केलं नाही. 

"म... म... मीच केला. वॉचमननं नाही. त्याला ब... बोलू नका."

"म्हणजे तुम्हाला बोलता येतं," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "एवढं स्वच्छ."

"ते ब... बोलणं नाही, मॅडम. तो पुकारा. त्यात म... माझं काही नसतं."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांना कळलं की नाही, हे त्याला ओळखता आलं नाही. "निकाल कळवू," त्या म्हणाल्या आणि फाईल मिटली.

बाहेर वॉचमन त्याच्यावर तणतणला. "काय माणूस हायेस तू? मी खोटं बोलून मोकळा झालो, तर तू खरं काढून बसलास." त्याने वॉचमनच्या पाठीवर थोपटलं आणि दोघे खाली टपरीवर गेले. तिथे त्याने कॉफी मागितली. टपरीवाल्याला ती समजेपर्यंत दूध उतू गेलं. बायकोला त्याने रात्री सगळं सांगितलं. तिने मधे एकही शब्द पुरवला नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मला ठाऊक होतं, तुम्ही भोंगा घरी ठेवून जाणार नाही."

निकाल आला तेव्हा उन्हाळा लागला होता. त्या दिवशी सकाळी ताईंनी त्याला दाराआड बोलावलं. त्यांच्या हातात पाकीट होतं आणि डोळे लाल होते.

"फेटाळलं, दादा. अर्जदाराचा आवाज खणखणीत असल्याचं सुनावणीच्या वेळी दिसून आलं, असं लिहिलंय. आज वाचून दाखवायचं आहे. नर्सबाईंचं मात्र मंजूर झालं. त्यांना वॉर्ड परत मिळाला."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"वर अजून एक अपील असतं," ताई म्हणाल्या. "मी लिहून देते. आजच बसू."

"तिथं पु... पुकारा कोण करतं?"

"ते कशाला हवं तुम्हाला?"

"तो क... कठड्यापर्यंत जातो का, ते विचारा."

ताईंना हसू आलं आणि मग हसू आवरता आवरता रडू आलं.

आतून घंटा वाजली. प्रशासनाचे साहेब मॅडमनी पाठवलेला निकाल वाचायला बसले होते. त्यांनी त्याला दारात पाहिलं आणि नजर चुकवत म्हणाले, "ये. तू समोरच आहेस, पुकाऱ्याची काही गरज नाही. ये आत, उरकून टाकू."

"नियम आहे, साहेब," तो म्हणाला आणि बाहेर आला.

व्हरांड्यात बाकांवर कागदांच्या पिशव्या छातीशी धरून माणसं बसली होती. त्याने टोपी सारखी केली, पाय जुळवले आणि पहिला पुकारा केला. अपील क्रमांक बारा. मग दुसरा. मग तो नेहमीसारखा कठड्यापर्यंत चालत गेला, खाली वाकला, आवारात पाहिलं, टपरीकडे नजर टाकली. गेटवर वॉचमन तोंडातली शिट्टी काढून वर बघत होता. ज्याला आपलं अपील बुडू द्यायचं नाही अशा माणसाला जिना चढून यायला जितका वेळ लागेल, तितका वेळ त्याने स्वतःलाही दिला.

मग त्याने तिसरा पुकारा केला, टोपी काढून हातात घेतली आणि आत जाऊन अर्जदाराच्या जागी उभा राहिला.